आधी विचारा, जमीन कोणाची होती?

आष्टी म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी बीडची आष्टी आठवते. आम्ही वर्ध्याच्या आष्टीचे. आमच्या गावाच्या नावाला 'शहीद' हा शब्द जोडलेला आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, इथल्या पोलीस ठाण्यावर गेलेल्या जमावावर गोळ्या चालल्या. हुतात्म्यांच्या नावांत डॉ. गोविंद मालपे आहेत, तसेच रशीद खानही आहेत. त्यामुळे या गावात चहाच्या टपरीवर राजकारणाची चर्चा निघाली तर मुसलमानालाही तितक्याच मोठ्या आवाजात बोलता येतं.

पण गेल्या काही वर्षांत या चर्चेला एक वेगळंच वळण लागलं आहे. कोणत्याही पुढाऱ्याच्या जमिनीचा विषय काढा, समोरचा लगेच विचारतो, "मंग त्याईचं काय?" भाजपच्या माणसाचं नाव घेतलं तर काँग्रेसवाल्याचं काय, काँग्रेसवाल्याचं घेतलं तर राष्ट्रवादीचं काय, आणि आपल्या माणसाचं घेतलं तर बाकी सगळ्यांचं काय. चहा संपतो, लोक उठतात. ज्या जमिनीवरून वाद निघाला ती कोणाची होती, हे कोणालाच आठवत नाही. आज मला त्याबद्दल लिहायचं आहे. शेवटी माझ्या घरातलंही थोडं सांगावं लागणार आहे.

सुरुवात डिसेंबर २०२३ पासून करतो, कारण तेव्हा हा प्रश्न आपल्या समाजाच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. ७ डिसेंबरला नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं. वैद्यकीय कारणासाठी जामिनावर सुटलेले नवाब मलिक सभागृहात सत्ताधारी बाकांवर, अजित पवार गटाच्या आमदारांसोबत बसले. त्याच दिवशी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अजित पवारांना पत्र लिहिलं आणि ते जाहीर केलं. मलिक यांच्याशी वैयक्तिक शत्रुत्व नाही, पण त्यांच्यावरचे आरोप पाहता त्यांना महायुतीत घेणं योग्य ठरणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. सत्तेपेक्षा देश महत्त्वाचा, अशी त्यामागची भूमिका होती.

मलिक यांच्यावरचा आरोप कुर्ल्याच्या गोवावाला कंपाउंडमधल्या सुमारे तीन एकर जागेचा. ही जागा त्यांच्या कुटुंबाशी संबंधित कंपनीनं दाऊद इब्राहिमच्या बहिणीशी आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटातल्या एका दोषीशी संबंध असलेल्या व्यवहारातून, मातीमोल भावात घेतली, असं ईडीचं म्हणणं. २३ फेब्रुवारी २०२२ ला त्यांना अटक झाली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तात्पुरता जामीन दिला. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष ते कोठडीत होते. मलिक यांनी हे आरोप नाकारले आहेत.

पत्र आलं आणि विरोधकांनी विचारलं, मग प्रफुल्ल पटेलांचं काय? पटेल आमच्याच विदर्भातले, गोंदियाचे. वरळीच्या सीजे हाऊस इमारतीचा विकास त्यांच्या कुटुंबाच्या मिलेनियम डेव्हलपर्स कंपनीनं केला. त्या इमारतीतले दोन मजले दाऊदचा साथीदार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इक्बाल मिर्चीच्या पत्नीच्या नावावर झाले. ऑक्टोबर २०१९ मध्ये, विधानसभेच्या प्रचाराच्या ऐन धामधुमीत, ईडीनं पटेलांची चौकशी केली. भाजपनं पत्रकार परिषद घेऊन त्यांच्यावर टीका केली आणि खुद्द पंतप्रधानांच्या भाषणात मिर्चीचा उल्लेख आला. २०२२ मध्ये ईडीनं पटेलांच्या त्याच इमारतीतल्या सदनिकांवर टाच आणली. २ जुलै २०२३ ला पटेल अजित पवारांसोबत सत्तेत गेले. जून २०२४ मध्ये अपील न्यायाधिकरणानं ती टाच रद्द केली. पटेलांनीही आरोप नाकारले आहेत, आणि न्यायाधिकरणाचा निकाल हा निकालच आहे. तो मान्य करायला हवा.

कायद्याच्या नजरेत ही दोन प्रकरणं तंतोतंत सारखी नाहीत. एकात जमीन बळकावल्याचा आरोप आहे, दुसऱ्यात इमारतीच्या पुनर्विकासाचा करार आहे. पण फडणवीसांचं पत्र कायद्याचं नव्हतं, नैतिकतेचं होतं. खटला संपेपर्यंत थांबा, असं त्यात म्हटलं नव्हतं. केवळ आरोप असलेला माणूस सोबत नको, असं म्हटलं होतं. नैतिकतेचं हे माप एकदा काढलं की ते दोन्ही माणसांना लावावं लागतं. ७ डिसेंबरला पटेलांच्या सदनिकांवरची टाच कायम होती आणि ते त्याच पक्षाचे कार्यकारी अध्यक्ष होते. त्यांच्याविषयी पत्र निघालं नाही.

आमच्या मोहल्ल्यात यावर एकच वाक्य ऐकू आलं: मलिक मुसलमान म्हणून. या वाक्यात तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. दाऊदचं नाव एका माणसाला चिकटतं आणि दुसऱ्याला चिकटत नाही, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपनं मलिक यांचा प्रचार करणार नाही, असं जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या मुलीची, सना मलिक यांची, महायुतीतली उमेदवारी मात्र चालली आणि त्या अणुशक्तीनगरमधून निवडूनही आल्या. म्हणजे अडचण कुटुंबाची नव्हती, जमिनीचीही नव्हती. एक चेहरा सोबत दिसण्याची होती.

पण इथेच मला माझ्या समाजबांधवांशी भांडायचं आहे. अन्याय दिसला म्हणून ज्याच्यावर झाला तो निर्दोष ठरत नाही. मलिक यांना वेगळं माप लावलं, हे एक विधान झालं. कुर्ल्याचा व्यवहार स्वच्छ होता, हे दुसरं विधान. पहिलं खरं आहे म्हणून दुसरं आपोआप खरं होत नाही. आपण मात्र दोन्ही एका दमात बोलून मोकळे होतो. त्या खटल्याचा निकाल न्यायालय देईल. समाजाची इज्जत कुर्ल्याच्या तीन एकरांवर गहाण टाकण्याचं आपल्याला काहीच कारण नाही.

आणि वेगळं माप फक्त मुसलमानालाच लागतं, असंही नाही. एकनाथ खडसे बघा. २०१६ मध्ये ते महसूलमंत्री असताना पुण्याजवळच्या भोसरीतली सुमारे तीन एकर जमीन त्यांच्या पत्नी आणि जावयाच्या नावे ३ कोटी ७५ लाखांना घेतली गेली. एमआयडीसीचा दावा असलेल्या या जमिनीची बाजारातली किंमत त्याच्या कितीतरी पट होती, असा आरोप झाला. जूनमध्ये त्यांनी राजीनामा दिला. २०१८ मध्ये, ते भाजपमध्ये असतानाच, लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. ऑक्टोबर २०२० मध्ये ते राष्ट्रवादीत गेले आणि २०२१ मध्ये ईडीनं त्यांच्या जावयाला अटक केली. सातबारा तोच, व्यवहार तोच. फक्त खडसेंच्या गळ्यातला गमछा बदलला होता. आणि ज्या राष्ट्रवादीनं २०१६ मध्ये त्यांचा राजीनामा मागितला होता, तिनंच चार वर्षांनी त्यांचं हार घालून स्वागत केलं.

अशोक चव्हाणांनी ९ नोव्हेंबर २०१० ला कुलाब्याच्या आदर्श सोसायटी प्रकरणात मुख्यमंत्रिपद सोडलं. काँग्रेसनं त्यांना २०१५ मध्ये प्रदेशाध्यक्ष केलं, २०१९ मध्ये मंत्री केलं. ८ फेब्रुवारी २०२४ ला केंद्र सरकारनं संसदेत मांडलेल्या श्वेतपत्रिकेत आधीच्या सरकारच्या काळातल्या घोटाळ्यांत 'आदर्श'चं नाव होतं. १३ फेब्रुवारीला चव्हाण भाजपमध्ये गेले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना राज्यसभेची उमेदवारी मिळाली. श्वेतपत्रिकेची शाई वाळायला सहा दिवससुद्धा मिळाले नाहीत.

एप्रिल २०२४ मध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'नं याचा हिशेब मांडला. भ्रष्टाचाराच्या चौकशीला सामोरे जात असलेले विरोधी पक्षांचे २५ प्रमुख नेते २०१४ नंतर भाजपच्या बाजूला गेले आणि त्यांपैकी २३ जणांना दिलासा मिळाला. या २५ पैकी १२ एकट्या महाराष्ट्रातले. हा आकडा सत्ताधाऱ्यांवर आहे आणि त्याचं उत्तर त्यांनीच द्यायला हवं. पण महाविकास आघाडीलाही एक प्रश्न आहेच. एप्रिल २०२१ मध्ये अनिल देशमुखांचा राजीनामा झाला, मग अटकेत असलेल्या मलिक यांचं मंत्रिपद आघाडीनं का राखलं? फडणवीसांच्या पत्रात हा मुद्दा होता आणि तो चुकीचा नव्हता.

आता या सगळ्या प्रकरणांतली एक समान गोष्ट बघा. भोसरीत पत्नी आणि जावई. कुर्ल्यात कुटुंबाची कंपनी. वरळीत कुटुंबाची कंपनी. 'आदर्श'मध्ये ज्यांच्या सदनिकांवरून वाद झाला त्यांत चव्हाणांच्या सासूबाई. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातलं प्रकरण निघालं, त्यात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या मुलाची ९९ टक्के भागीदारी असलेली कंपनी. सुमारे ४० एकर महार वतनाची जमीन ३०० कोटींना घेतल्याचं दाखवलं गेलं, विरोधकांनी तिची किंमत १८०० कोटी सांगितली. सुमारे २१ कोटींच्या मुद्रांक शुल्काऐवजी ५०० रुपये भरले गेले. गुन्हा नोंदवला गेला तेव्हा एक टक्क्याच्या भागीदाराचं नाव त्यात होतं, ९९ टक्क्यांच्या भागीदाराचं नव्हतं. अजित पवारांनी आपला या व्यवहाराशी संबंध नसल्याचं सांगितलं आणि व्यवहार रद्द झाल्याचं जाहीर केलं.

२००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उमेदवाराला मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं शपथपत्र देणं बंधनकारक करण्याचा निकाल दिला. २०१८ च्या निकालानं उत्पन्नाचा स्रोतही सांगावा लागतो. नमुना २६ चं हे शपथपत्र कोणालाही निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर वाचता येतं. पण त्यात उमेदवार, त्याची पत्नी किंवा पती, एकत्र कुटुंब आणि अवलंबून असलेली माणसं एवढेच येतात. कमावता मुलगा येत नाही, जावई येत नाही, सासूबाई येत नाहीत. वादाचे व्यवहार नेमके याच नात्यांच्या नावावर का दिसतात, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. नैतिकतेची एवढी पत्रं लिहिणाऱ्या एकाही पक्षानं हा रकाना वाढवण्यासाठी आंदोलन केल्याचं मी पाहिलेलं नाही. यावर मात्र सगळ्यांचं एकमत दिसतं.

आणखी एक गोष्ट समान आहे, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची. मुंढव्यात मूळ हक्क सांगणारी महार वतनदार कुटुंबं आहेत. त्यांच्या वतीनं कोणीतरी कुलमुखत्यारपत्र घेतलं आणि त्यावर व्यवहार झाला. कुर्ल्यातही आरोप असाच आहे: अतिक्रमण हटवण्यासाठी म्हणून घेतलेल्या कुलमुखत्यारपत्रावर जमीन परस्पर विकली गेली आणि मूळ मालकीणबाईंना त्याचा पत्ताही नव्हता. एवढ्या वर्षांच्या आरडाओरड्यात त्या बाईंना काय मिळालं, हे विचारताना तुम्ही कोणत्या पक्षाला ऐकलंत? मलिक मुसलमान, म्हणून आपण त्यांच्या बाजूनं बोललो. त्या मालकीणबाईंच्या बाजूनं कोण बोललं? वतनदारांच्या घरी टीव्हीचे कॅमेरे किती वेळा गेले? एक म्हणतो तुमचा चोर, दुसरा म्हणतो तुमचा महाचोर, आणि ज्याची जमीन गेली तो दाराबाहेर चपला सांभाळत उभा.

आमच्या तालुक्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. अप्पर वर्धा धरणात इथल्या गावांच्या जमिनी गेल्या. २९ ऑगस्ट २०२३ ला त्या धरणग्रस्तांनी मुंबईत मंत्रालयाच्या संरक्षक जाळीवर उड्या मारल्या. त्याआधी शंभराहून अधिक दिवस ते मोर्शीत बसून होते. त्यांच्या जमिनी सरकारनं घेतल्या त्याला कितीतरी वर्षं झाली. या काळात मुंबईत सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली. या लोकांच्या बाबतीत कोणी दुजाभाव केला नाही. सगळ्यांनी सारखंच ताटकळत ठेवलं.

आता आपल्या घरात येऊ. २०२५ मध्ये वक्फ सुधारणा कायदा आला तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो, आणि उतरायलाच हवं होतं. पण २००६ चा सच्चर समितीचा अहवाल पुन्हा काढून वाचा. देशातल्या ४ लाख ९० हजार नोंदणीकृत वक्फ मिळकतींचं वर्षाचं उत्पन्न सुमारे १६३ कोटी होतं. नीट वापर झाला तर ते १२ हजार कोटींपर्यंत जाऊ शकतं, असा समितीचा अंदाज होता. मधला पैसा फक्त सरकारनं खाल्ला का? दर्ग्याचं दुकान जुन्यापुराण्या भाड्यात कोण वापरतं, कब्रस्तानाच्या बाजूचा प्लॉट कोणाच्या मेहुण्याला मिळाला, हे प्रत्येक गावात माहीत असतं. तो माणूस आपला असतो. ईदला आपल्या शेजारी उभा राहून नमाज पढतो. म्हणून आपण गप्प बसतो. त्या मिळकतीवर हक्क विधवेचा आणि यतीम पोराचा असतो. कुरआनात मापात खोट करणाऱ्यांच्या नावानंच एक सूरह आहे, मुतफ्फिफीन. घेताना पूर्ण माप घेणारे आणि देताना कमी देणारे, ही त्यांची ओळख. ती वाचताना आपल्या डोळ्यांसमोर नेहमी दुसरेच येतात.

माझ्या डोळ्यांसमोरही दुसरेच यायचे. अब्बांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. मागे पाच एकर शेत, त्यात अर्धं संत्र्याचं. आम्ही दोन भाऊ, दोन बहिणी. वारस नोंद करताना कोणीतरी म्हणालं, बहिणींचं हक्कसोडपत्र घेऊन टाका, पुढे कटकट नको. ईदला दोघी माहेरी आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षात बसवून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं. दोनशे रुपयांचा मुद्रांक होता. धाकटी अंगठा लावताना मला म्हणाली, "भाईजान, यात काय लिहिलंय?" मी म्हणालो, "काही नाही, नेहमीचं आहे." तिनं पुढे काही विचारलं नाही. दुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून शीरखुर्मा खाल्ला.

मुंढव्याच्या पाचशे रुपयांच्या मुद्रांकाची बातमी वाचली त्या दिवशी मला हे आठवलं. टपरीवर मी त्या पाचशे रुपयांवर तावातावानं बोलत होतो आणि बोलता बोलता थांबलो. दोघींनी राजीखुशीनं सोडलं, असं कागद म्हणतो. न वाचता सोडलं, हे मला माहीत आहे. मंत्र्यांच्या व्यवहारात आपण हाच तर प्रश्न विचारतो ना, की सही करणाऱ्याला काय सांगितलं होतं?

मी धाकट्या भावाशी बोललो. बहिणींचा जो हिस्सा बसतो तो त्यांच्या नावावर करून देऊ, म्हणालो. तो बराच वेळ संत्र्याच्या झाडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "गावात बहिणीला कोण देते भाई? मंग त्याईचं काय?"

तोच प्रश्न! टपरीवरचा, नागपूरच्या विधानभवनातला, टीव्हीवरच्या प्रवक्त्यांचा. या प्रश्नात काही खोटं नसतं. गावात खरंच कोणी देत नाही. पटेलांबद्दल खरंच पत्र निघालं नाही. पण या प्रश्नाच्या जोरावर आजवर एकाही हकदाराला इंचभर जमीन परत मिळालेली नाही. दुसऱ्याचा दुजाभाव दाखवून देणं गरजेचं आहे आणि आम्ही ते करत राहू. त्यासाठीच आपली ही चळवळ आहे. मात्र तो दाखवून आपलं काम संपतं, असं मानलं की आपणही त्याच खेळात उतरलो.

म्हणून या पत्रिकेच्या वाचकांना माझं सांगणं साधं आहे. पुढच्या निवडणुकीत आपल्या मतदारसंघातल्या सगळ्या उमेदवारांची शपथपत्रं काढा, आणि ज्याला मत द्यायचं ठरवलं आहे त्याचं आधी वाचा. कुठली मिळकत कोणत्या वर्षी, किती किमतीला घेतली ते बघा. मागच्या शपथपत्राशी ताडून बघा. ती जमीन आधी कोणाच्या नावावर होती, हे गावात विचारा. मशिदीच्या आणि दर्ग्याच्या मिळकतीचा हिशेब जुम्याच्या दिवशी भिंतीवर लावायची मागणी करा. आणि एकदा घरातली लोखंडी पेटी उघडून आपल्या स्वतःच्या सातबाऱ्यावर कोणाचं नाव नाही, तेही बघा.

आष्टीत मुहम्मद खान नियाझीची कबर आहे. जहांगीर बादशहानं त्याला इथली जहागीर दिली होती आणि १६२७ मध्ये तो वारला. घुमटाखाली आज त्याच्या वाट्याला जेमतेम साडेतीन हात जागा आहे. लहानपणी आम्ही तिथे लपाछपी खेळायचो.

येत्या सोमवारी मी दोघा बहिणींसाठी बक्षीसपत्राचा मसुदा करायला देणार आहे. भाऊ अजून तयार नाही. माझ्या वाट्यातून तर देता येईल. या वेळी सही करण्याआधी कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, एवढं मी ठरवलं आहे.